अणदूरचा रस्ता आणि जनरल चौधरी

सोलापुराहून हैदराबादेच्या वाटेस लागलें म्हणजे निजामी मुलुखाची जुनी हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळांत अणदूर लागतें. तुळजापूर तालुक्यांतील हें गांव खंडोबाचें. हा खंडोबा दोन घरांचा आहे. वर्षांतील बहुतेक महिने तो अणदुरास असतो, आणि हिवाळ्यांत दोनेक कोसांवरील नळदुर्गास, मैलारपुरांतील आपल्या दुसऱ्या देवळांत राहावयास जातो. पौषी पौर्णिमेची त्याची मोठी यात्रा तेथेंच भरते. देवाच्या या जाण्यायेण्यामुळें दोन गांवांमधील वाट पंचक्रोशीस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. परंतु १३ सप्टेंबर १९४८ च्या पहांटे या बाजूनें नळदुर्गाकडे जें गेलें, तसें तेथील कोणत्याहि पिढीनें पाहिलेलें नव्हतें. चिलखती गाड्या, रणगाडे, तोफा ओढणाऱ्या मोटारी आणि पायदळाच्या पलटणी सोलापुराकडून अंधारांत निघून हद्दीच्या आंत शिरल्या होत्या. भारतीय सैन्याची पहिली चिलखती डिव्हिजन हैदराबादेवर चालून निघाली होती. तिचे सेनापति होते मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी. वय वर्षें चाळीस.

पुढें हेच गृहस्थ भारताचे सरसेनापति झाले आणि १९६५ चें युद्ध त्यांच्या कारकीर्दींत झालें. त्यांची कथा बहुधा दिल्लीच्या बाजूनें सांगितली जाते, आणि ती पानिपताइतक्या जुन्या सवयीप्रमाणें लढायांच्या नांवांनीं भरलेली असते. अणदूर-नळदुर्गाच्या बाजूनें पाहिलें तर तींत एक निराळाच प्रश्न उभा राहतो. सैन्य जितक्या वेगानें रस्त्यावरून पुढें जातें, तितक्याच वेगानें त्याच्या मागें राहिलेल्या गांवांचें रक्षण कोण करतो?

चौधरी हे मूळचे बंगालमधील पाबना जिल्ह्यांतल्या जमीनदार घराण्यांतले. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांच्या आईचे वडील; बोलपटांतून घरोघरीं पोंचलेल्या देविकाराणी या त्यांच्या चुलत भगिनी. घर असें, कीं मुलानें बॅरिस्टर व्हावें, निदान साहित्यांत तरी पडावें. मुलानें घोडा पसंत केला. कलकत्त्यास सेंट झेवियर, लंडनला हायगेट, नंतर सँडहर्स्टची लष्करी शाळा, आणि १९२८ मध्यें राजाचें अधिकारपत्र, असा त्यांचा मार्ग आहे. त्या काळीं हिंदी तरुणाच्या हातीं तें अधिकारपत्र क्वचितच पडे. सातव्या लाइट कॅव्हलरींत ते दाखल झाले. रिसाल्यांतले घोडे जाऊन त्यांच्या जागीं यंत्रें आलीं, तीं याच पिढीच्या डोळ्यांदेखत. मित्रमंडळींत त्यांचें नांव 'मुच्छू'. तें मिशांवरून पडलेलें होतें.

दुसऱ्या महायुद्धांत पांचव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सुदान, एरिट्रिया, हबसाण व आफ्रिकेचें वाळवंट हीं रणक्षेत्रें त्यांनीं पाहिलीं. १९४४ मध्यें त्यांच्याकडे सोळाव्या लाइट कॅव्हलरीचें आधिपत्य आलें. या पलटणीनें क्वेट्ट्याहून ब्रह्मदेशच्या सरहद्दीपर्यंतचें तीन हजार मैलांहून अधिक अंतर आपल्याच चिलखती गाड्यांतून रस्त्यानें काटलें. अशा प्रवासांत शौर्याला फारसा वाव नसतो. तेलाची मोटार वेळेवर आली कीं नाहीं, कमान तुटली तर दुसरी आहे कीं नाहीं, पुढचा पूल किती वजन सोसतो, यांचाच तो अभ्यास असतो. नळदुर्गच्या पुलाकडे चार वर्षांनीं या माणसाची दृष्टि कां खिळली, याचें उत्तर त्या प्रवासांत सांपडतें. युद्ध संपल्यावर मलायांत प्रशासनाचे ब्रिगेडियर, मग लंडनच्या विजयसंचलनांत हिंदी तुकडीचे प्रमुख, स्वातंत्र्यानंतर दिल्लींत लष्करी हालचालींचे संचालक, आणि मे १९४८ मध्यें पहिल्या चिलखती डिव्हिजनचे सेनापति. ही चढण झपाट्याची होती.

हैदराबादचें प्रकरण मराठवाड्याच्या घरांतून आजहि सांगितलें जातें; त्याचा येथें विस्तार नको. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं भारत सरकारशीं एक वर्षाचा 'जैसे थे' करार केला. करार कागदावर राहिला आणि राज्यांत रझाकारांचा अंमल वाढत गेला. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच मोडत असे. म्हणजे आग जेथून पेटविली गेली तो दिवा याच जिल्ह्यांतला. हद्दीच्या अलीकडे सोलापूर-बार्शी भागांत स्टेट काँग्रेसच्या लढ्याच्या छावण्या होत्या, पलीकडे जाळलेलीं गांवें होतीं. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नानज येथें जुलै १९४८ मध्यें भारतीय सैन्याच्या तुकडीवरच हल्ला झाला. सरदार पटेलांनीं सैन्य पाठविण्याचा निर्णय घेतला, तेव्हां या भागांतील लोकांना त्याचें आश्चर्य वाटलें नाहीं. इतका उशीर कां, एवढेंच वाटलें असावें.

मोहिमेचा मूळ आराखडा दक्षिण विभागाचे सेनापति लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनीं तयार केला होता. त्यांच्यामागून आलेले महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या आधिपत्याखालीं तो पार पडला. पूर्वेकडून बेझवाडा आणि पश्चिमेकडून सोलापूर असे दोन मुख्य मार्ग ठरले, उत्तरेकडून औरंगाबादच्या बाजूनें व दक्षिणेकडूनहि दबाव यावयाचा होता. परंतु मुख्य घाव सोलापूरचा, आणि तो चौधरींच्या हातीं. त्यांनीं आपल्या सैन्याचे चार भाग केले. एक चपळ, एक जड रणगाड्यांचा, आणि दोन पाठीमागून येऊन जिंकलेलें राखणारे.

ज्यानें भाद्रपदांत या भागांतलें काळें रान पाहिलें आहे, त्याला पुढची अडचण सांगावयास नको. पाऊस पडून गेलेल्या काळ्या जमिनींत बैलगाडीचें चाक आंसापर्यंत रुततें. मग रणगाड्याचें काय? रस्ता सोडून बाजूच्या शेतांत उतरणें म्हणजे मोहीम तेथेंच संपविणें. म्हणून सैन्याला रस्ता एकच होता, आणि त्या रस्त्यावर नळदुर्गास बोरी नदी आडवी येते. नदीच्या कुशींत इतिहासप्रसिद्ध किल्ला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें बोरीला बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला, तो अजून उभा आहे. १८५३ नंतर कांहीं वर्षें हा मुलूख इंग्रजांकडे होता, तेव्हां मेडोज टेलर येथें बसून कारभार पाहत असे. एवढा इतिहास पाहिलेल्या किल्ल्यापेक्षां त्या पहांटे नदीवरील पुलाला अधिक महत्त्व आलें होतें. हैदराबादच्या फौजेनें तो उडविला असता, तर पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूर रस्त्यावर नुसती उभी राहिली असती, आणि दिल्लीच्या मुत्सद्द्यांना जगापुढें रोज नवें उत्तर द्यावें लागलें असतें.

पूल उडाला नाहीं. पहांटे चारच्या सुमारास सुरू झालेल्या हालचालींत सातव्या ब्रिगेडनें तो शाबूत हस्तगत केला, आणि मग दुसऱ्या शीख पलटणीनें नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. समोर पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. या चकमकींत हवालदार बचित्तरसिंग हा शिपाईगडी पडला. शत्रूच्या मशीनगनवर चाल करतांना त्याच्या मांडींत गोळी शिरली. उभें राहतां येईना, तेव्हां सरपटत पुढें जाऊन त्यानें दोन हातबाँब फेकले आणि तें ठाणें बंद पाडून तेथेंच प्राण सोडला. चार वर्षांनीं, १९५२ मध्यें, अशोकचक्राचा सन्मान स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत या हवालदाराचें नांव आहे. पंजाबांतल्या लोपो गांवचा माणूस नळदुर्गच्या माळावर पडला, ही गोष्ट नळदुर्गच्या यात्रेस जाणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

पूल मिळाला आणि बांध फुटल्यासारखे रणगाडे पुढें गेले. सकाळीं नऊला जळकोट, दुपारीं सव्वातीनच्या सुमारास उमरगें. दुसऱ्या एका तुकडीनें पहांटेच तुळजापूर गांठलें. तेथें हैदराबादची पायदळ तुकडी व दोनशेंच्या आसपास रझाकार यांनीं दोन तास झुंज दिली. तेथून लोहाऱ्याकडे निघालेल्या सैन्याला मात्र नदीच्या पुरानें अडविलें. शत्रूला न जमलेलें काम पावसानें थोडा वेळ करून दाखविलें. दुसरे दिवशीं राजेश्वर, पुढें हुमनाबाद व बिदरच्या बाजूनें हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरच्या सायंकाळीं पांच वाजतां निजामानें शस्त्रसंधि जाहीर केला आणि हैदराबादच्या नभोवाणीवरून तशी घोषणा झाली. दुसरे दिवशीं, १८ तारखेस, हैदराबाद फौजेचे सेनापति मेजर जनरल सय्यद अहमद एल् एद्रूस यांनीं शहराबाहेर येऊन चौधरींच्या स्वाधीन आपली फौज केली. दोन्ही सेनापति एकाच ब्रिटिश शिस्तींत वाढलेले. समारंभ एखाद्या क्लबांतील भेटीसारखा सभ्यपणें पार पडला. पहिल्या गोळीपासून शस्त्रसंधीपर्यंत सुमारें १०९ तास लागले. भारतीय बाजूच्या मृतांची संख्या शंभराच्या आंत होती. सरकारनें या सर्वाला 'पोलिस कारवाई' असें नांव दिलें. रणगाडे आणि टेंपेस्ट विमानें बाळगणारें पोलिसदल जगाच्या पाठीवर दुसरें कोठें नसावें; पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीनें तें नांव सोयीचें होतें.

येथें सामान्यतः पडदा पडतो आणि टाळ्या होतात. उस्मानाबाद जिल्ह्याची गोष्ट मात्र येथून सुरू होते.

सैन्य रस्त्यानें गेलें. रस्त्यापासून चार-आठ मैल आंत असलेल्या गांवांत तें गेलेंच नाहीं. जाण्याचें कारणहि नव्हतें, कारण त्याला हैदराबाद गांठावयाचें होतें. निजामाचे पोलिस व अंमलदार ठाणीं सोडून नाहीसे झाले होते. नवा अंमलदार यावयाचा होता. जुना कायदा गेलेला आणि नवा न आलेला, अशा त्या दिवसांत वर्षभर सोसलेल्या जाळपोळीचा, लुटींचा व खुनांचा सूड घेण्यास पुष्कळ ठिकाणीं जमाव उठले. ज्यांनीं अत्याचार केले होते त्यांतले बरेचसे पळाले होते किंवा पकडले गेले होते. सूड त्यांच्या शेजाऱ्यांवर पडला. विणकर, दुकानदार, शेतमजूर, ज्यांचा रझाकारांशीं संबंध केवळ धर्माच्या नांवापुरता होता, असे लोक मारले गेले, आणि त्यांचीं घरें लुटलीं गेलीं.

हें सर्व पाहण्यासाठीं भारत सरकारच्या वतीनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिति १९४८ च्या नोव्हेंबर अखेरीस संस्थानांत आली. तिनें डिसेंबरच्या २१ तारखेपर्यंत दौरा केला. तिच्या अंदाजाप्रमाणें पोलिस कारवाईच्या वेळीं व नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसें संस्थानांत मृत्यु पावलीं. सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड. या चार जिल्ह्यांतच हा आंकडा १८ हजारांहून कमी नसावा, असें समितीनें लिहिलें. रझवीच्या लातुरांत हत्या वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीपैकीं समितीला तेथें जेमतेम तीन हजार सांपडले, हजारावर मारले गेले होते व बाकीचे परागंदा झाले होते. हे आंकडे समितीचे अंदाज आहेत आणि त्यांवर वाद झालेला आहे. परंतु समितीनें आणखी एक गोष्ट लिहिली, ती अधिक बोंचणारी होती. कांहीं ठिकाणीं सैनिकांनीं व पोलिसांनींहि लुटींत भाग घेतला आणि जमावास उत्तेजन दिलें, असें तिचें म्हणणें होतें. त्याच अहवालांत दुसरी बाजूहि आहे. सैन्याची एकंदर शिस्त चांगली होती, पुष्कळ ठिकाणीं हिंदूंनींच आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वांचविलें, आणि जनरल चौधरी हे धर्मभेदाचा स्पर्शहि नसलेले, कडक शिस्तीचे व सभ्य गृहस्थ आहेत, असें समितीचें मत होतें.

या दोन गोष्टी एकाच अहवालांत बसतात कशा? ज्यांचें मन निर्मळ, त्यांच्याच अंमलाखालीं हें घडलें, हें खरें आहे. चौधरींवर दुष्ट हेतूचा आरोप कोणी केलेला नाहीं व करतांहि येत नाहीं. दोष शोधावयाचा तर तो मोहिमेच्या आराखड्यांत शोधावा लागतो. लवकरांत लवकर हैदराबाद गांठणें, ही त्या आराखड्याची सारी कल्पना होती, आणि ती राजकारणाच्या दृष्टीनें बरोबरहि होती. लढाई लांबली असती तर प्रकरण संयुक्त राष्ट्रांत चिघळलें असतें, आणि देशभर दंगे झाले असते. पण राजधानी पडल्यावर जिल्ह्यांतील एकेका तालुक्याचें काय, या प्रश्नासाठीं तितकी तयारी दिसत नाहीं. पूल कोणी धरावा हें मिनिटामिनिटाचें ठरलें होतें. लातुराच्या बाजारपेठेंत कोणी उभें राहावें हें ठरलें नव्हतें.

याच सुमारास जगांत दुसरीकडेहि सेनापतींना राज्यकारभार करावा लागत होता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जपानांत अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर होते, जर्मनीच्या अमेरिकन भागांत जनरल ल्यूशियस क्ले. हे क्ले मोठे विलक्षण. हुद्दा जनरलचा, पण रणांगणावर त्यांनीं एकहि तुकडी लढविली नव्हती. ते मूळचे धरणें व विमानतळ बांधणारे इंजिनिअर. ज्या सप्टेंबरांत चौधरी बोरी नदी ओलांडत होते, त्या सप्टेंबरांत क्ले वेढलेल्या बर्लिनला विमानांतून कोळसा व पीठ पुरवीत होते. अमेरिकेनें जिंकलेल्या मुलुखाचा कारभार कसा करावा, याचें शिक्षण देणारी शाळा १९४२ मध्येंच शार्लट्सव्हिल येथें काढली होती. चौधरींच्या पाठीशीं अशी शाळा नव्हती. मलायांतला थोडा अनुभव, मुंबई व मद्रास इलाख्यांतून घाईनें मागविलेले अधिकारी, आणि मुख्य मुलकी प्रशासक म्हणून डी. एस. बाखले हे सनदी अधिकारी, एवढें साधन होतें. बाखले मराठी; मराठवाड्याच्या कागदांवर त्या काळांत त्यांचें नांव वारंवार येतें.

तरीहि लष्करी राज्यपाल म्हणून सव्वा वर्षांत चौधरींनीं जें केलें, त्यांतील एक काम टिकाऊ ठरलें. निजामाची खाजगी जमीन, जिला 'सर्फ-ए-खास' म्हणत, ती १९४९ मध्यें सरकारी मुलुखांत सामील झाली. आणि त्याच वर्षाच्या १५ ऑगस्ट रोजीं जहागिरी रद्द करण्याचा नियम अंमलांत आला. शेंकडों वर्षें ज्यांना आपला खरा धनी कोण हें कळत नव्हतें, त्या कुळांचा संबंध सरळ सरकारशीं जडला. विधिमंडळ असतें तर या नियमावर वर्षानुवर्षें चर्चा चालली असती. लष्करी सत्तेनें तो एका सहीनें केला. अर्थात् त्याच सत्तेनें तेलंगणांत कम्युनिस्टांच्या लढ्याविरुद्ध जें हत्यार उपसलें तें फार धारदार होतें, आणि त्याच्या जखमा तेथें दीर्घकाळ राहिल्या. १९४९ च्या अखेरीस कारभार एम. के. वेल्लोदी यांच्या मुलकी मंत्रिमंडळाकडे गेला आणि चौधरी पुन्हां सैन्यांत परतले.

मराठी मुलुखाशीं त्यांचा संबंध तेथें तुटला नाहीं. मे १९५९ मध्यें ते दक्षिण विभागाचे सेनापति म्हणून पुण्यास आले, आणि डिसेंबर १९६१ मधील गोव्याची मोहीम त्यांच्याच विभागाकडून झाली. प्रत्यक्ष आघाडीवर मेजर जनरल कँडेथ होते. १९ डिसेंबरला पणजी हातीं आली व पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. दीडदोन दिवसांचें काम. हैदराबादहून एक फरक मात्र झाला होता. गोव्यांत सैन्याच्या मागोमाग मोठी कत्तल झाली नाहीं. मुलूख लहान होता, लोकांत तसें वैरहि नव्हतें. हा धडा शिकल्याचा परिणाम होता कीं परिस्थितीचा, हें सांगणें कठिण.

१९६२ च्या नोव्हेंबरांत चीनपुढें सैन्याची दाणादाण उडाली. जनरल थापर यांनीं पद सोडलें आणि २० नोव्हेंबरला चौधरी सरसेनापति झाले. दुसऱ्याच दिवशीं मुंबईहून गेलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. महाराष्ट्रांत त्या वेळीं एक हळहळ होती. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल थोरात यांचें नांव जनरल थिमय्यांनीं १९६१ मध्यें सरसेनापतिपदासाठीं सुचविलें होतें, तें डावललें गेलें होतें. चीनच्या आक्रमणाविषयींचा त्यांचा इशाराहि तसाच पडून राहिला होता. असो. चव्हाण व चौधरी या जोडीनें पराभूत सैन्य पुन्हां उभें केलें. डोंगरी लढाईसाठीं नव्या डिव्हिजनी, नवीं शस्त्रें, नवी भरती. पराभवाची चौकशी करण्यासाठीं चौधरींनींच हेंडरसन ब्रुक्स व भगत या दोन अधिकाऱ्यांस नेमलें. त्यांचा अहवाल १९६३ मध्यें पुरा झाला. सरकारनें तो कधीं प्रसिद्ध केला नाहीं.

१९६५ च्या युद्धाविषयीं चौधरींवर जी टीका झाली, ती त्यांच्या नळदुर्गच्या कीर्तीच्या अगदीं उलट आहे. तेथें ते वेगासाठीं गाजले, येथें अतिसावधपणासाठीं. १ सप्टेंबरला छांब विभागांत पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हां ते हवाईदलाचे प्रमुख अर्जनसिंग यांच्यासह चव्हाणांकडे गेले, आणि चव्हाणांनीं तेथल्या तेथें विमानें सोडण्याची परवानगी दिली. पुढें पंजाबांत खेमकरणच्या बाजूनें अमेरिकन पॅटन रणगाड्यांचा लोंढा आला, तेव्हां सरसेनापतींनीं बियास नदीपर्यंत मागें येण्याची सूचना केली व आपण ती नाकारली, असें पश्चिम विभागाचे सेनापति हरबक्षसिंग यांनीं पुढें लिहून ठेवलें. माघार घेतली गेली नाहीं. असल उत्तरला शेतांत पाणी सोडून चिखल करण्यांत आला आणि त्या चिखलांत पॅटन रुतले. बोरीकांठचा पूल गेला असता तर आपल्या रणगाड्यांचें काय झालें असतें, तें सतरा वर्षांनीं शत्रूच्या रणगाड्यांवरून दिसलें. शस्त्रसंधीच्या वेळीं दारूगोळा बहुतांशीं संपत आल्याचें चौधरींनीं पंतप्रधान शास्त्रींना सांगितलें. पुढें हिशेब झाला तेव्हां आघाडीवरील साठ्यापैकीं केवळ १४ टक्क्यांच्या आसपास खर्ची पडल्याचें निघालें, असें नमूद आहे. चव्हाणांची त्या दिवसांतली रोजनिशी बऱ्याच वर्षांनीं प्रकाशांत आली, तींतहि सरसेनापतींच्या मनाचे चढउतार दिसतात. चाळीस वर्षांच्या सेनापतीला एका रस्त्याची काळजी असते. सत्तावन्न वर्षांच्या सरसेनापतीला काश्मीरपासून कच्छपर्यंतच्या सरहद्दीची, आणि शिवाय उत्तरेस चीनची. टीका करतांना एवढें ध्यानांत ठेवावें. पण दारूगोळ्याचा हिशेब चुकणें ही ज्या माणसानें क्वेट्ट्याहून ब्रह्मदेशापर्यंत गाड्या नेल्या त्याच्या हातून न व्हावी अशी चूक होती.

या युद्धांत सियालकोटच्या बाजूस जी डिव्हिजन लढली ती तीच, पहिली चिलखती. तिच्यांतील पूना हॉर्स या रिसाल्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर होते. मुंबईंत जन्मलेले, पुण्यास शिकलेले हे पारशी गृहस्थ मूळचे भारतीय सैन्यांतले नव्हते. त्यांची नोकरी हैदराबाद संस्थानच्या फौजेंत, एल् एद्रूस यांच्या हाताखालीं सुरू झाली होती. जी फौज १८ सप्टेंबर १९४८ ला चौधरींना शरण आली, तिच्यांतले हे एक अधिकारी. संस्थानी फौज मोडल्यावर ते पूना हॉर्समध्यें आले. फिलोऱ्याच्या लढाईंत ११ सप्टेंबरला जखमी झाले, तरी मागें जाण्यास त्यांनीं नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांडी येथें रणगाड्यावरच धारातीर्थीं पडले. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालें. हैदराबादच्या फौजेशीं झालेल्या वागणुकीचें एवढें एक फळ तरी चौधरींच्या पदरांत निःसंशय टाकावें लागतें. शरण आलेल्या सैनिकाला अपमानित केलें असतें, तर तो सतरा वर्षांनीं असा लढला नसता.

जून १९६६ मध्यें चौधरी निवृत्त झाले. पद्मविभूषण मिळालें. कांहीं वर्षें कॅनडांत भारताचे हायकमिशनर म्हणून राहिले. लिहिण्याची हौस होतीच. नोकरींत असतांनाहि ते वृत्तपत्रांत लष्करी विषयांवर लिहीत. १९७८ मध्यें त्यांचें आत्मचरित्र निघालें. ६ एप्रिल १९८३ रोजीं त्यांचा अंत झाला. त्या वेळीं लातूर हें उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा होऊन आठ महिने झाले होते, आणि सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारी दप्तरांत बंदच होता. तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत सामान्य अभ्यासकाला पाहावयास मिळाला तो २०१३ मध्यें, समितीनें दौरा केल्यानंतर पासष्ट वर्षांनीं.

१७ सप्टेंबर हा मराठवाड्यांत मुक्तिदिन म्हणून साजरा होतो, आणि तो योग्यच आहे. अणदुराजवळचा तो रस्ता आतां चौपदरी झाला आहे. सोलापूर-हैदराबाद मोटारी रात्रंदिवस धांवतात, आणि खंडोबा ठरल्या दिवशीं नळदुर्गास जाऊन ठरल्या दिवशीं परत येतो.